सिस्टर सकाळीच येऊन गेली

सगळे त्यांना सिस्टर म्हणत. मोठे म्हणत, लहान म्हणत, इतकंच काय, नवराही म्हणे. "सिस्टर, चहा मिळेल का?" असं तो पाहुण्यांसमोर म्हणाला की पाहुणे आधी दचकत आणि मग हसत.

हॉस्पिटलातली नोकरी पाठदुखीपायी सोडल्यावर सिस्टरनी घरोघरी जाऊन इंजेक्शनं द्यायचं आणि पट्ट्या बदलायचं काम धरलं होतं. गावातल्या चढावरच्या जुन्या इमारतींमध्ये म्हातारी माणसं फार. मुलं लांब गेलेली, जिने उभे, दवाखान्यात जायचं तर अर्धा दिवस मोडणार. त्यापेक्षा सिस्टर बऱ्या. खांद्याला निळी पिशवी, पायात रबरी चपला आणि हात असा हलका, की एक निवृत्त मास्तर दर वेळी विचारायचे, "टोचलंत, की नुसतं टोचू का म्हणालात?" कोणाच्या उशीखाली चॉकलेटं दडवलेली असतात, कोण रात्रीची गोळी गुपचूप कुंडीत टाकतं, कोणाची सून बोलते आणि कोणाची नुसती भांडी आपटते, सगळं त्यांना ठाऊक. पण या घरातलं त्या घरात कधी गेलं नाही. म्हणून तर दारं उघडी असत.

त्यातलं एक दार तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं. आजींना साखरेचा आजार जुना, रोज सकाळी इन्सुलिन घ्यावं लागे. मुलगा स्पीकर भाड्याने द्यायचा. लग्न असो, बक्षीस समारंभ असो, माईक त्याचाच आणि बोलणाराही तोच, म्हणून त्याचं नाव माईकवाला पडलं. आवाज असा, की त्याने "नमस्कार" म्हटलं तरी कुत्री उठून बसत. पण आईला सुई द्यायची वेळ आली की हा गॅलरीत पळे. सुई बघितली की त्याला भोवळ यायची.

"एवढा बोंबलतो, आणि एवढ्याशा टोकाला भितो," आजी दंड पुढे करत म्हणायच्या. "सिस्टर, तू नसतीस तर मी कधीच गेले असते बाई."

त्या वर्षी निवडणूक अगदी अटीतटीची होती. सत्तेतल्या लोकांनी म्हाताऱ्यांसाठी घरपोच तपासणी सुरू केली होती. पांढऱ्या कोटातली मुलंमुली येऊन रक्तदाब बघत, गोड बोलत, जाताना उमेदवाराचा फोटो ठेवून जात. म्हातारी माणसं खूश. कोणी विचारपूस करतंय, एवढंही त्यांना पुष्कळ होतं. विरोधातले घाबरले. चढावरची मतं म्हणजे निम्मी म्हाताऱ्यांची. ती गेली तर सगळंच गेलं. माईकवाला त्या खेपेला विरोधातल्यांकडे होता. पुढच्या पालिका निवडणुकीत तिकीट देऊ, असं त्यांनी त्याला कबूल केलं होतं.

एका सकाळी सिस्टर मास्तरांकडून उतरत असताना त्यांना खालून प्रचाराची गाडी जाताना ऐकू आली.

"आयांनो, बापांनो, सावध राहा. मतदानाआधी तुमच्या दारात कोणीतरी येईल. हसत येईल. ओळखीचं वाटेल. हातात पिशवी असेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सुई टोचेल, आणि मतदानाच्या दिवशी ते माणूस उठणार नाही. दार उघडू नका."

मध्ये थोडी शांतता, आणि पुन्हा तेच. आवाज माईकवाल्याचा. पण लग्नातला नव्हे. हा आवाज हळू होता, जवळचा होता, कानाशी वाकून सांगितल्यासारखा.

संध्याकाळी सिस्टरनी हे घरी सांगितलं. नवरा पंखे दुरुस्त करायचा. एक मोटर मांडीवर घेऊन तो तारा गुंडाळत बसला होता.

"हसत येणारी, पिशवीवाली, ओळखीची," तो म्हणाला. "म्हणजे तूच की."

दोघंही हसले.

दोन-तीन दिवसांनी सिस्टर शिंपीणबाईंकडे गेल्या. त्यांच्या सासऱ्यांच्या पायाला जखम होती, ती धुऊन पट्टी बदलावी लागे. बेल वाजवली. आत शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. दाराच्या भोकातून येणारा उजेडाचा ठिपका काळा झाला. पलीकडे डोळा टेकला होता. दार मात्र उघडलं नाही.

"वहिनी, मी आहे. सिस्टर."

"आज नको. सासरे झोपलेत."

आत सासरे खोकत होते.

"झोपेत खोकतात का?" सिस्टरनी थट्टेने विचारलं. ठिपका काळाच राहिला. सिस्टर जिना उतरून खाली आल्या तरी मशीन सुरू झालं नव्हतं.

मग एकेक दार तसंच होत गेलं. मास्तरांनी फोनवर सांगितलं, आता बरं वाटतंय, निवडणुकीनंतर बघू. कोणी बेल ऐकलीच नाही. एका घरात पंखा फिरत होता, कुकरची शिट्टी झाली, आणि तरी आत कोणी नव्हतं. भर दुपारी सिस्टर त्या गल्लीतून चालत तेव्हा पुढच्या खिडक्यांचे पडदे त्यांच्या आधी सरकायचे. वारा नसायचा.

शिंपीणबाई एकदा रस्त्यात भेटल्या. समोरासमोरच आल्यामुळे टाळता येईना, म्हणून त्या उभ्या राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "काल दुपारी तुम्ही आमच्या जिन्यात इतका वेळ का उभ्या होतात?"

"मी? काल मी तुमच्याकडे आलेच नाही."

"मी स्वतः बघितलं सिस्टर. मधल्या वळणावर. भिंतीकडे तोंड करून. निळी पिशवी. मी हाक मारली, तुम्ही वळला नाहीत."

"अहो, काल दुपारी मी घरी होते. पाठ शेकत पडले होते."

शिंपीणबाईंनी मान डोलावली. अशी मान माणूस पटल्यावर डोलावत नाही, भांडण नको म्हणून डोलावतो. जाताना त्या जवळजवळ धावत गेल्या.

नंतर मास्तरांच्या शेजाऱ्यांनीही बघितलं. पाण्याच्या टाकीजवळ, उन्हात, एकटीच. मग दूधवाल्याने. ज्या इमारतीत सिस्टर जन्मात गेल्या नव्हत्या तिथल्या लोकांनीही सांगितलं, बाई येते, बेल वाजवत नाही, नुसती दारापुढे उभी राहते. पोरांनी तिचं नाव ठेवलं सुईबाई. सिस्टर कोपऱ्यावर दिसल्या की पोरं "सुईबाई आली" म्हणून ओरडत पळत. त्यातली निम्मी खेळत होती. उरलेली खरंच पळत होती.

त्याच सुमारास सत्तेतल्या पक्षाच्या एक ताई सिस्टरच्या घरी आल्या. इस्त्रीची साडी, मऊ हात, आवाजात साखर.

"तुमच्यावर फार अन्याय झालाय," ताई म्हणाल्या. "उद्या आमच्या सभेत या. फक्त एवढंच सांगा, की त्या लोकांनीच तुम्हाला घरोघरी सुया टोचायला सांगितलं होतं आणि तुम्ही नकार दिलात."

"पण मला कोणीच काही सांगितलं नव्हतं. मी कोणाला काही टोचलेलंही नाही. म्हणजे इन्सुलिन सोडून."

"ते आम्हाला माहीत आहे हो. पण आता नुसतं 'असं काही नाही' म्हणून लोक ऐकतात का? भीती एकदा घरात शिरली की जात नाही. आपण फक्त ती कोणाची, ते ठरवायचं."

"मला नाही जमणार, ताई."

ताईंनी चहा संपवला, छान झालाय म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी सत्तेतल्यांची गाडी फिरली. मजकूर तोच. हसत येईल, ओळखीची वाटेल, हातात पिशवी असेल. शेवटी फक्त एवढं जोडलं होतं, की तिला विरोधकांनी पाठवलं आहे. आता दोन्ही गाड्या एकच गोष्ट सांगत होत्या. ज्याचा एका बाजूवर विश्वास नव्हता, त्याचा दुसऱ्या बाजूवर होता. सुईबाई खोटी आहे असं म्हणणारं गावात कोणी उरलंच नाही.

सिस्टर घरी बसल्या. नवऱ्याला थकव्यासाठी दर आठवड्याला ताकदीचं इंजेक्शन असे, ते देण्याचा दिवस आला. त्यांनी सुई भरली, कापूस भिजवला. नवऱ्याने बाही वर केली आणि तसाच थांबला.

"बाटली बघू जरा."

सिस्टरना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी बाटली त्याच्या हातात दिली. त्याने चष्मा लावून नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि मान खाली घातली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पण तुला एक सांगायचं होतं. परवा मी दुकानातून येताना तू कोपऱ्यावर उभी दिसलीस. मी हाक मारली. तू बघितलं नाहीस. मी घरी आलो तर तू ओट्यापाशी भाजी चिरत होतीस."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो असतो तर खरं झालं असतं."

इंजेक्शन त्याने घेतलं. पण सुई आत गेली तेव्हा त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. आजवर त्याने कधी मिटले नव्हते.

मतदान चार-पाच दिवसांवर आलं असताना माईकवाला भेटायला आला. पुढच्या दाराने नाही, मागच्या बोळाने. घसा बसला होता, डोळे तांबारले होते.

"सिस्टर, आईकडे या. तिने सुई घेणं बंद केलंय. मी एक पोरगा आणला होता दवाखान्यातला, त्याला तिने आत येऊ दिलं नाही. तुमचं ऐकेल."

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. "तूच तर सांगितलंस ना, दार उघडू नका म्हणून?"

"ते प्रचाराचं असतं हो. मनावर नसतं घ्यायचं. लिहून देतात, आपण वाचायचं." तो घुटमळला. "आणि येताना मागच्या जिन्याने या. पिशवी आणू नका. कोणी बघितलं तर माझी पंचाईत होईल."

राग सिस्टरच्या टाळूपर्यंत आला होता. दार लावून घ्यावं असं त्यांना फार वाटलं. पण आजींचा हाडकुळा दंड डोळ्यांपुढे आला. औषध रुमालात गुंडाळून त्या निघाल्या.

आजी खिडकीपाशी खाटेवर बसल्या होत्या. खोलीत लख्ख ऊन होतं. ओठ कोरडे पडलेले, तांब्या रिकामा. सिस्टर दारात दिसताच त्या मागे सरकत भिंतीला टेकल्या.

"आजी, मी आले."

"ही कोण?" आजींनी मुलाला विचारलं.

"आई, असं काय करतेस? सिस्टर आहे."

"सिस्टर सकाळीच येऊन गेली."

सिस्टरच्या हातातला रुमाल तसाच राहिला. "सकाळी? मी नव्हते आले, आजी."

"तू नव्हतीसच. सिस्टर आली होती. इथे खुर्चीत बसली. काही बोलली नाही. जाताना एवढंच म्हणाली, कोणाकडून सुई घेऊ नका, माझ्याकडूनसुद्धा नाही."

खुर्ची खाटेच्या शेजारीच होती. तिघांनीही तिकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती, पण माईकवाल्याने ती पायाने हळूच लांब सारली.

मग तो आईपुढे उकिडवा बसला. "आई, ऐक. ते सगळं खोटं आहे. सुईबाई वगैरे काही नाही. मीच वाचलं ते गाडीवर. माझ्या तोंडाने वाचलं. खोटं आहे."

आजींनी त्याचा चेहरा निरखून बघितला. त्याच्या गालावरून हात फिरवला.

"खोटं बोलताना तुझा आवाज असाच बारीक होतो," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून. गाडीवर कसा ठाम होता. तो खरा होता."

सिस्टरनी सांगितलं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या. साखर चढली की माणूस गुंगतं, आणि मग परतीची वाट अवघड होते. माईकवाला हो म्हणाला. पण आजींनी खाटेचा कठडा धरून आरडाओरडा केला, शेजारच्या खिडक्या उघडल्या. त्याने सिस्टरना मागच्या जिन्याने घाईघाईने खाली पाठवलं. चार दिवस जाऊ देत, तो म्हणाला. मतदान होऊ दे, मग उचलूनच नेतो. तोपर्यंत गोळ्या चहातून देतो. आजींनी दुसऱ्या दिवसापासून चहाही सोडला.

मतदान शाळेत होतं. सिस्टर आणि त्यांचा नवरा रांगेत उभे राहिले तर पुढचा माणूस थोडा पुढे सरकला आणि मागचा थोडा मागे. दोघांभोवती मोकळी जागा राहिली. बोलणं कोणी थांबवलं नाही, फक्त सगळे हळू बोलू लागले.

विरोधातल्यांची मुलं म्हाताऱ्यांना खुर्च्यांवरून उचलून आणत होती. मास्तर आले. शिंपीणबाईंचे सासरे आले, सुजलेला पाय फडक्यात गुंडाळलेला, त्याचा वास लांबूनही येत होता. आणि आजी आल्या. मान छातीवर पडलेली, तोंड किंचित उघडं. एक हात खुर्चीबाहेर लोंबत होता.

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "बघा. उठत नाहीये."

"म्हणजे टोचलंच की."

"गाडीवर सांगत होते ते काय उगाच?"

शब्द रांगेच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेला. सुई न मिळाल्याने जी बाई गुंगली होती, तीच आता सुईची साक्ष झाली. आणि मग, कोणी न सांगता, एकेक डोकं सिस्टरकडे वळलं. शिवी नाही, आरोप नाही. नुसते डोळे. नवऱ्याने त्यांचं मनगट धरलं. "चल, घरी जाऊ."

सिस्टरनी हात सोडवून घेतला आणि त्या पुढे गेल्या. लोक बाजूला झाले. असे झाले की त्यांच्या साडीचा काठही कोणाला लागू नये. आजींच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता. सिस्टरनी गालावर चापट्या मारल्या, पापणी उघडून बघितली.

"गाडी," त्या माईकवाल्याला म्हणाल्या. "आत्ता. नाहीतर जाईल ती."

त्याने लोकांकडे बघितलं. त्याच्या पक्षाची माणसं तिथेच उभी होती, त्यातला एक मान हलवून नको म्हणत होता. मग त्याने आईला दोन्ही हातांवर उचललं आणि धावत सुटला.

दारात उभी होती ती प्रचाराचीच गाडी. आजींना मागच्या बाकावर आडवं केलं, डोकं सिस्टरच्या मांडीवर घेतलं, माईकवाला पायाशी बसला. ड्रायव्हरने किल्ली फिरवली, आणि किल्लीबरोबर टपावरचा स्पीकर आपोआप सुरू झाला.

"आयांनो, बापांनो, सावध राहा. कोणीतरी येईल. हसत येईल. ओळखीचं वाटेल..."

"बंद कर ते!" माईकवाला ओरडला. ड्रायव्हर म्हणाला, बटण तुमच्याच बाजूला मागे आहे. पण त्याने आईचे पाय घट्ट धरले होते आणि ते त्याला सोडवेनात. गाडी चढावरून उतरू लागली. वर त्याचाच आवाज, हळू, जवळचा, खात्रीचा. आणि खाली तो, तोंड उघडं, एक शब्द नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या गाडीच्या पुढे पुढे मिटत चालल्या. काही मिटण्याआधी सिस्टरना काचेमागे चेहरे दिसत होते. ओळखीचे, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. त्या चेहऱ्यांवर राग नव्हता. ते खिडकीतून सुईबाईला जाताना बघत होते, आणि आपण योग्य तेच करतो आहोत, अशी त्यांची खात्री दिसत होती.

मधल्या चौकात माईकवाल्याने एका हाताने चाचपडत वायर शोधली आणि हिसका देऊन तोडली. वाक्य अर्ध्यातच राहिलं. त्यानंतर जी शांतता झाली, ती सिस्टरना त्या आवाजापेक्षाही नकोशी झाली.

आजी वाचल्या. पण आठवडाभर बेशुद्धीच्या काठावर होत्या. डाव्या हातातली ताकद गेली ती गेलीच. शिंपीणबाईंच्या सासऱ्यांचा पाय घोट्यापासून कापावा लागला.

निकाल लागला तर कोणालाच बहुमत नव्हतं. महिना न होतो तोच दोन्ही बाजूंनी हातमिळवणी केली आणि ताई व माईकवाल्याचे पुढारी एकाच व्यासपीठावर हार घालून उभे राहिले. गाड्या फिरायच्या थांबल्या. सुईबाई त्यानंतर कोणाला दिसली नाही. निदान कोणी तसं बोललं नाही.

मग फोन येऊ लागले. मास्तरांचा पहिला. मागे काही झालंच नाही असं बोलले, वर विनोदही केला. शिंपीणबाईंनी दार सताड उघडलं, सिस्टरना बसायला दिलं.

"वहिनी, तुम्ही मला जिन्यात बघितलं होतं," सिस्टर म्हणाल्या.

"मी?" शिंपीणबाईंनी खरंच आठवून बघितलं. "छे हो. मी नाही कधी असल्या गोष्टी मानल्या. ते इतर लोक बोलायचे." आणि त्या सासऱ्यांच्या पायावरची चादर नीट करू लागल्या, जिथे पाय संपत होता तिथे.

सिस्टरना त्या सगळ्या दिवसांत भीती वाटली नव्हती एवढी त्या क्षणी वाटली. गाडीवरचं लोक विसरले, एक वेळ समजण्यासारखं होतं. पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलंही विसरले.

आजींच्या घरी त्या एका अटीवर परत गेल्या. सुई देताना माईकवाल्याने गॅलरीत जायचं नाही. बाटली त्याने हातात घ्यायची आणि त्यावरचं नाव आईला मोठ्याने वाचून दाखवायचं. तो रोज वाचे. कपाळावर घाम, भिंतीचा आधार, पण वाचे. आजी ऐकत आणि दर वेळी विचारत, "खरं ना?" तो म्हणे, "खरं." मग आजी बराच वेळ त्याच्याकडे बघत आणि शेवटी दंड पुढे करत. विश्वास बसला म्हणून करत, की आता कंटाळा आला म्हणून, ते सिस्टरना कधी कळलं नाही. पुढच्या वर्षी त्याला तिकीट मिळालं आणि तो निवडूनही आला. तरी आजी होत्या तोवर सकाळची ती वेळ त्याने चुकवली नाही.

सिस्टर अजून काम करतात. फक्त जिन्याच्या तळाशी थांबून आधी वर हाक देतात, "सिस्टर आले हो!" वरून कोणीतरी "या, या" म्हणतं. मग त्या चढू लागतात, आणि पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत काही ना काही मोठ्याने बोलत राहतात.